पट्ट्यांचे आणि बिनपट्ट्यांचे : स्नायूंविषयी वाचकांचे प्रश्न

प्राण्यांच्या ऊतींवर प्रश्न मागवले आणि तापीकाठच्या तालुक्यांतून आलेली बहुतेक पत्रे स्नायूंचीच निघाली. त्यातली सहा इथे घेतली आहेत. उत्तरांत 'मायक्रॉन' हे माप वारंवार येईल. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे १ मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

मटणाच्या तुकड्यातून विद्यार्थ्यांना स्नायूतंतू दाखवायचा प्रयत्न केला. निळा रंग दिला, पण भिंगाखाली नुसता निळा गोळा दिसला, पट्टे काही दिसेनात. कुठे चुकते?
— विज्ञान शिक्षिका, अमळनेर तालुका

निळा गोळा दिसला, म्हणजे स्लाइडवर तंतूंची अख्खी जुडी गेली होती. मटण खाताना जो 'धागा' बोटात सुटा येतो तो एक तंतू नसतो. त्यात अनेक तंतू एकत्र बांधलेले असतात. एक तंतू म्हणजे एक पेशी. तिची जाडी १० ते १०० मायक्रॉन, लांबी मात्र कित्येक सेंटिमीटर असू शकते. प्रत्येक तंतूभोवती एक नाजूक आवरण, तंतूंच्या जुडीभोवती दुसरे, आणि सगळ्या स्नायूभोवती तिसरे. तुम्हाला दुसऱ्या आवरणाच्या आत शिरून एकेक तंतू सुटा करायचा आहे.

खाटकाकडून बोकडाच्या मांडीचा, चरबी नसलेला, लांब धाग्यांचा तुकडा घ्या. पुढे दोन वाटा आहेत. सोपी वाट म्हणजे तो साध्या पाण्यात, मीठ न घालता, धागे सहज सुटेपर्यंत शिजवायचा. शिजवल्याने तंतूंना बांधून ठेवणारे कोलॅजन हे प्रथिन विरघळते आणि तंतू हाताला सुटे येतात. पण शिजताना तंतू आखडतो, पट्टे एकमेकांच्या जवळ येतात आणि ओळखायला कठीण जातात. दुसरी वाट थोडी कष्टाची, पण चित्र सुंदर देते. कच्च्या मटणाची काडीपेटीच्या काडीएवढी पट्टी धाग्यांच्या दिशेने कापा, ती ताणून टूथपिकला दोन्ही टोकांशी दोऱ्याने बांधा आणि ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक दिवस बुडवून ठेवा. बांधल्यामुळे ती आखडत नाही. अल्कोहोल पेट घेते, म्हणून स्पिरिटचा दिवा त्या टेबलावर नको. फॉर्मॅलिन शाळेत वापरूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता स्लाइडवर पाण्याचा एक थेंब टाकून त्यात शिवणाच्या दोऱ्याहून बारीक धागा ठेवा. दोन सुयांनी तो लांबीच्या दिशेने फाडत जा. आडवी सुई चालवली की तंतू चिरडतात. धागा डोळ्याला जेमतेम दिसेल इतका बारीक होईपर्यंत थांबू नका. सगळा खेळ या पाच-दहा मिनिटांत जिंकला किंवा हरला जातो. मग १ टक्का मिथिलीन ब्लूचा एक थेंब, एक-दोन मिनिटे थांबा, टिपकागदाने जास्तीचा रंग टिपा, नवा थेंब टाका आणि आच्छादनकाच एका कडेने तिरका टेकवत हळू सोडा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. चैत्र-वैशाखात आपल्याकडे साध्या पाण्याचा थेंब बघता बघता सुकतो आणि कडेने हवा शिरते. तेव्हा शेवटचा थेंब निम्मे पाणी, निम्मे ग्लिसरीन असा घ्या.

आधी १० पटीच्या भिंगाने एकटा पडलेला तंतू शोधा, मग ४० पटीवर जा. इथे बहुतेकांची शेवटची चूक होते, ती म्हणजे प्रकाश पूर्ण सोडलेला असतो. झगझगीत उजेडात पट्टे पुसले जातात. मंचाखालची झडप निम्म्याहून जास्त बंद करा आणि बारीक स्क्रू अगदी किंचित मागेपुढे फिरवत राहा. तंतूच्या रुंदीला आडव्या, वहीच्या ओळींसारख्या गडद-फिक्या रेघा उमटतील. कडेला चिकटून गडद निळे लांबट ठिपके दिसतील, ती केंद्रके. एकाच पेशीत अनेक केंद्रके आणि तीही मध्यभागी नसून कडेला, ही अस्थिस्नायूची, म्हणजे पुस्तकातल्या पटकी स्नायूची, ओळख. नागमोडी, बिनपट्ट्यांचे धागे मध्येच दिसले तर मुले त्यांना 'अपटकी स्नायू' म्हणतात. ते कोलॅजन असते.

मटणाला हात लावायचा नसेल अशा घरांतली मुले वर्गात असतीलच. त्यांना तयार कायम स्लाइड द्या आणि तेवढ्याच आदराने द्या. अपटकी स्नायूसाठी तर सर्वांनाच तयार स्लाइड दाखवावी. वजडीतून त्या पेशी सुट्या करायला तीव्र आम्ल लागते.

स्नायू आखडताना ए-पट्टा तेवढाच राहतो आणि आय-पट्टा लहान होतो असे वाचले. आतले धागे आखडत नसतील तर स्नायू आखडतो कसा?
— बारावीची विद्यार्थिनी, चोपडा

विहिरीतून पोहरा ओढताना दोर आखूड होतो का? होत नाही. हातावर हात टाकत दोर आत घेतला जातो आणि पोहरा वर येतो. स्नायूत दोर म्हणजे ॲक्टिनचे बारीक धागे, आणि हात म्हणजे मायोसिनच्या जाड धाग्यावरची शेकडो डोकी. प्रत्येक डोके ॲक्टिनला धरते, काही नॅनोमीटर (मायक्रॉनचा हजारावा भाग म्हणजे १ नॅनोमीटर) ओढते, सोडते, पुढे धरते. सोडण्यासाठी दर वेळी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू लागतो. सगळी डोकी एकदम सोडत नाहीत, म्हणून दोर मागे घसरत नाही.

आता आकडे घालून बघ, म्हणजे पाठ करावे लागणार नाही. ॲक्टिनचे धागे जिथे रोवलेले असतात ती झेड-रेषा. एका झेड-रेषेपासून पुढच्या झेड-रेषेपर्यंतच्या भागाला सार्कोमिअर म्हणतात. मायोसिनचा धागा १.६ मायक्रॉन लांब, तोच ए-पट्टा. दोन्ही झेड-रेषांपासून आत येणारा ॲक्टिनचा धागा प्रत्येकी सुमारे १ मायक्रॉन. सार्कोमिअर २.४ मायक्रॉन असताना मधली फक्त मायोसिनची जागा, म्हणजे एच-पट्टा, २.४ वजा २, म्हणजे ०.४ मायक्रॉन. दोन्ही बाजूंचा फक्त ॲक्टिनचा, म्हणजे आय-पट्ट्यांचा, भाग मिळून २.४ वजा १.६, म्हणजे ०.८. सार्कोमिअर आखडून २.० झाले की एच शून्य, आय ०.४, ए मात्र १.६ च. धाग्यांची लांबी कुठेच बदलली नाही, फक्त एकमेकांवर चढण वाढली.

एका सार्कोमिअरचे ०.४ मायक्रॉन म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण १० सेंटिमीटर लांब तंतूत अशी ४० हजारांहून जास्त सार्कोमिअर एकापुढे एक जोडलेली असतात. सगळी मिळून दीड सेंटिमीटरहून अधिक आखडतात. हाडाजवळ, सांध्यालगत बसलेल्या स्नायूला तेवढे हात वर उचलायला पुरते.

हा सरकत्या धाग्यांचा सिद्धांत १९५४ साली एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे मांडला. एक जोडी ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांची, दुसरी अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांची. दोन्ही हक्सली एकमेकांचे नातलग नव्हते. उत्तरपत्रिकेत नुसते 'हक्सली' लिहिलेस तर कोणता ते कळणार नाही, पूर्ण नाव लिही.

प्रयोगशाळेच्या परीक्षेत अपटकी स्नायू आणि कोलॅजन यांत माझी गल्लत होते. हृदयाचा आडवा छेद आला की तोही अस्थिस्नायू वाटतो.
— प्रयोगशाळा तंत्रज्ञ अभ्यासक्रमाचा विद्यार्थी, धुळे

रंगावर भरवसा ठेवू नका, केंद्रक बघा. अपटकी स्नायूची पेशी चातीसारखी, दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये एकच केंद्रक आणि ते पेशीच्या आत. पेशी आखडलेल्या अवस्थेत पकडली गेली असेल तर केंद्रक मळसूत्रासारखे पिळलेले दिसते. ही खूण सापडली की शंका मिटली. कोलॅजनमध्ये केंद्रके थोडी, काडीसारखी बारीक आणि धाग्यांच्या *मधल्या* जागेत असतात. आडव्या छेदात अपटकी पेशींची वर्तुळे लहान-मोठी दिसतात आणि काहींतच केंद्रक सापडते, कारण प्रत्येक चाती वेगळ्या ठिकाणी कापली गेलेली असते. तरी खात्री नसेल तर मॅसन ट्रायक्रोम रंगवलेली स्लाइड मागा. स्नायू लाल, कोलॅजन निळे किंवा हिरवे.

हृदयाच्या आडव्या छेदात केंद्रक मध्यभागी, अस्थिस्नायूत कडेला. उभ्या छेदात हृदयाचे तंतू फांद्या फुटून एकमेकांना जोडलेले असतात आणि जोडाच्या जागी आडव्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या गडद रेषा असतात. त्या रोजच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात फिक्या दिसतात. दिसल्या नाहीत म्हणून लगेच उत्तर बदलू नका, फांद्या आणि मधले केंद्रक पुरेसे आहे.

वडिलांच्या छातीत दुखू लागले. पहिली ट्रोपोनिन तपासणी नॉर्मल आली तरी डॉक्टरांनी काही तासांनी पुन्हा रक्त घेतले. दोनदा पैसे का?
— वाचक, भुसावळ

दुसरी तपासणी आवश्यकच होती. ट्रोपोनिन हे ॲक्टिनच्या धाग्यावर बसलेले प्रथिन. त्याचे तीन भाग असतात: सी, आय आणि टी. कॅल्शियम 'सी'ला चिकटले की धाग्यावरची अडसर बाजूला होते आणि मायोसिनला पकड मिळते. म्हणजे ट्रोपोनिनची जागा पेशीच्या आत, पट्ट्यांमध्ये आहे. ते रक्तात सापडते याचा अर्थ पेशीचे आवरण फुटले. हृदयातले 'आय' आणि 'टी' अस्थिस्नायूतल्यापेक्षा वेगळ्या घडणीचे असतात, म्हणून मारामुळे मांडी सुजली तर ही तपासणी सहसा फसत नाही.

हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली तर साधारण २० ते ४० मिनिटांत पेशी कायमच्या मरू लागतात. हे मरण आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे काही तासांत पसरत जाते. पण त्यांचे ट्रोपोनिन रक्तात मोजण्याइतके साचायला वेळ लागतो. जुन्या पद्धतीच्या तपासणीत ३ ते ६ तास, नव्या अतिसंवेदनशील तपासणीत १ ते ३ तास. दुखू लागल्यावर अर्ध्या तासात रक्त दिले तर नॉर्मल आकडा काहीच सांगत नाही. शिवाय मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात ट्रोपोनिन कायमच थोडे चढलेले असू शकते. म्हणून एका आकड्याऐवजी दोन आकड्यांतला चढ किंवा उतार बघतात. एकदा चढले की ते आठवडा-दोन आठवडे रक्तात राहते.

एक गोष्ट ठासून सांगतो. रुग्णालयात पोचल्यावर पहिल्या १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा. त्यात मोठा झटका स्पष्ट दिसत असेल तर ट्रोपोनिनच्या अहवालासाठी उपचार थांबवायचे नसतात. हृदयाच्या पेशी तरुणपणीही वर्षाला जेमतेम १ टक्का नव्या होतात, वयाबरोबर त्याहून कमी. गेलेल्या जागी व्रणाची ऊती भरते आणि तिला आखडता येत नाही.

म्हैस पान्हा चोरते. इंजेक्शन दिले की लगेच दूध उतरते. कासेत असा कोणता स्नायू आहे? इंजेक्शनने काय बिघडते?
— दूध उत्पादक शेतकरी, साक्री तालुका

कासेत दूध बनवणाऱ्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या, हातपाय पसरलेल्या पेशी वेढा घालून असतात. त्यांच्यात ॲक्टिन-मायोसिन असते, त्या आखडतात, पण अस्थिस्नायू, अपटकी स्नायू आणि हृदयाचा स्नायू या तीनही प्रकारांत त्या मोडत नाहीत. त्या मूळच्या ग्रंथीच्या अस्तरातून बनलेल्या आहेत. त्यांच्यापर्यंत चेता पोचत नाही. रक्तातून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक (तुमच्या इंजेक्शनात तेच असते) आले तरच त्या पिशवी पिळतात. हे ऑक्सिटोसिन म्हशीचा मेंदू स्वतः सोडतो. सडांना हात लागला, रेडकाने ढुशी मारली, आंबोणाचे घमेले वाजले की सुटते. म्हैस घाबरली, कुत्रे अंगावर आले, माणूस बदलला की ॲड्रेनलिन हे भीतीचे संप्रेरक सुटते, कासेतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि ऑक्सिटोसिन तिथे पोचत नाही. त्यालाच आपण पान्हा चोरणे म्हणतो.

गायीपेक्षा म्हशीत ही अडचण जास्त, कारण तिचे बहुतेक सगळे दूध वरच्या बारीक पिशव्यांतच असते, खालच्या पोकळीत फारच थोडे. म्हणून घाई चालत नाही. कोमट पाण्याने कास धुवा, फडक्याने पुसा, सड हलके चोळा आणि दोन-तीन मिनिटे द्या. पान्हा सुटला की मात्र थांबू नका, ५ ते ७ मिनिटांत धार संपवा, कारण ऑक्सिटोसिनचा असर तेवढाच टिकतो. वेळ, जागा आणि धार काढणारा माणूस रोज तोच ठेवा.

रोज इंजेक्शन दिले की कास त्याच्याशिवाय प्रतिसाद देईनाशी होते, आणि सवय मोडायला पुढे बरेच दिवस जातात. गर्भाशयाची भिंत अपटकी स्नायूची, तीही ऑक्सिटोसिनने आखडते. गाभण म्हशीला हे धोक्याचे आहे. जनावराच्या आरोग्याला घातक असे इंजेक्शन दूध वाढवण्यासाठी देणे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम १२ खाली गुन्हा आहे. अडलेली वार किंवा खरोखरच अडलेला पान्हा यासाठी औषध कधी द्यायचे ते पशुवैद्यकाने ठरवावे.

सडाच्या टोकाला मात्र खराखुरा अपटकी स्नायू कड्यासारखा बसलेला असतो. धार काढल्यावर तो नीट मिटायला साधारण अर्धा तास लागतो. तेवढ्यात म्हैस शेणात बसली की उघड्या छिद्रातून जंतू शिरतात आणि कासदाह होतो. म्हणून चारा धार संपल्यावर टाका, म्हणजे ती उभी राहील.

मुलगा सहा वर्षांचा. जिना चढताना मांडीला हात टेकतो, पोटऱ्या मात्र जाड आहेत. स्नायूच्या तुकड्याच्या अहवालात 'तंतूंच्या आकारात तफावत, मध्यवर्ती केंद्रके, फायब्रोसिस, डिस्ट्रॉफिन आढळले नाही' असे आहे. याचा अर्थ काय?
— पालक, शहादा

हा अहवाल ड्युशेन स्नायुविकाराकडे बोट दाखवतो. प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगतो, म्हणजे डॉक्टरांना काय विचारायचे ते तुम्हाला ठरवता येईल.

डिस्ट्रॉफिन हे तंतूच्या आतल्या ॲक्टिनला बाहेरच्या आवरणाशी बांधून ठेवणारे प्रथिन. ते नसले की दर आखडण्याबरोबर आवरणाला चिरा पडतात, कॅल्शियम आत शिरते आणि तंतू मरतो. तंतूंलगत राखीव पेशी असतात. त्या नवा तंतू उभा करतात. नव्या तंतूत केंद्रक अजून मध्येच असते, कडेला गेलेले नसते. ती 'मध्यवर्ती केंद्रके'. काही तंतू मरत आहेत, काही नवे आहेत, काही फुगले आहेत, ती 'आकारातली तफावत'. राखीव पेशी थकल्या की जागा व्रणाची ऊती आणि चरबी घेते, ती 'फायब्रोसिस'. पोटरी जाड दिसते पण ताकद नसते, त्याचे कारणही मुख्यतः हेच. म्हणून पोटऱ्या भरल्या म्हणजे मूल सुधारले, असे घरातल्या कोणी समजू नये.

यापुढे जनुक तपासणी करून घ्या. आधी एमएलपीए (जनुकाचा एखादा भाग गळला किंवा दुप्पट झाला आहे का ते बघणारी तपासणी), त्यात दोष सापडला नाही तर जनुकाचे पूर्ण वाचन. दोष नेमका कुठे आहे त्यावर पुढचे काही उपचार लागू पडतात की नाही ते ठरते. स्टेरॉइड गोळ्यांनी चालणे काही काळ जास्त टिकते. त्यांचा डोस वजनावर ठरतो आणि त्या एकदम कधीच बंद करायच्या नसतात. रोज घोट्याला ताण देण्याचे हलके व्यायाम करावेत. उड्या मारणे आणि पायऱ्या भराभर उतरणे टाळावे, कारण ताणला जात असतानाच जोर लावणाऱ्या स्नायूला सर्वांत जास्त चिरा पडतात. मुलाच्या हृदयाची एको तपासणी दर वर्षी व्हावी. आणि कसल्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना हा आजार स्वतःहून सांगा. सक्सिनिलकोलिन आणि हुंगवण्याची काही भूलऔषधे या मुलांना जिवावर बेतू शकतात.

हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. सुमारे दोन तृतीयांश मुलांत तो आईकडून आलेला असतो, उरलेल्यांत तो नव्यानेच झालेला. यात आईची कसलीही चूक नाही, आणि तिला बोल लावण्याचा कोणाला अधिकार नाही. तिची तपासणी मात्र आवश्यक आहे, कारण ती वाहक असेल तर पुढच्या प्रत्येक मुलग्याला दोष मिळण्याची आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी असते. मुलाच्या मावश्यांनाही हे कळवा. वाहक स्त्रीचे हातपाय धडधाकट असले तरी तिच्या हृदयाच्या स्नायूत हाच कमकुवतपणा असू शकतो, म्हणून मुलाची एको कराल तेव्हा त्याच्या आईचीही करून घ्या.